न वाचता केलेल्या सह्या

लेखमाला : भर नदीत घोडा – युद्धकाळातले नेते आणि त्यांचे घरचे विरोधक
भाग ३

मंगळवार, २३ ऑगस्ट १८६४. वॉशिंग्टनमध्ये मंत्रिमंडळाची बैठक होती. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एक घडी घातलेला, चिकटवून बंद केलेला कागद मंत्र्यांपुढे सरकवला आणि मागच्या बाजूला सही करायला सांगितली. आत काय लिहिलंय ते सांगितलं नाही. सात मंत्र्यांनी एकामागून एक सह्या केल्या. लिंकननी कागद परत घेतला आणि आपल्याजवळ ठेवून दिला.

न वाचता कशावरही सही करू नये, असं आपल्याकडे थोरली माणसं बजावून सांगतात. इथे सही करणाऱ्यांत बहुतेक वकील होते आणि सही करून घेणाराही वकीलच. त्या कागदात काय होतं, हे मंत्र्यांना अकरा आठवड्यांनी कळलं. आपणही ते या भागाच्या शेवटीच पाहू, कारण त्या कागदाचं वजन कळायला उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची आधीची तीन वर्षं डोळ्यांपुढे हवीत.

मागच्या आठवड्यात आपण लंडनमध्ये होतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक थंडीनं आणि रोगानं मरत होते. जानेवारी १८५५ मध्ये ब्रिटिश संसदेनं चौकशीचा ठराव ३०५ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर केला, लॉर्ड ॲबर्डीन पायउतार झाले आणि पामर्स्टन आले. युद्ध चालू असताना नेता बदलला. संसदीय पद्धतीत हे एका रात्रीत होऊ शकतं. अमेरिकेत होत नाही. तिथे अध्यक्ष नको झाला तरी चार वर्षं वाट पाहायची. आणि चार वर्षं भरली की युद्ध असो, नसो, मतदान घ्यायचंच. म्हणजे नेत्याला एकीकडे अभय, दुसरीकडे ठरलेल्या तारखेची टांगती तलवार. लिंकनची तारीख होती ८ नोव्हेंबर १८६४.

या लेखमालेचं नावही त्याच वर्षातून आलेलं आहे. जून १८६४ मध्ये पक्षानं पुन्हा उमेदवारी दिली तेव्हा अभिनंदनाला आलेल्या मंडळींना लिंकननी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा दाखला दिला : ओढा ओलांडताना मधेच घोडे बदलू नयेत. आपण फार लायक आहोत म्हणून नव्हे, तर या घोड्याची आता सवय झाली आहे म्हणून आपल्याला ठेवलं, असा त्याचा रोख. विनय आणि प्रचार एकाच वाक्यात. पण त्या उन्हाळ्यात घोडा बदलायला निघालेल्यांची रांग मोठी होती. सगळ्यात पुढे होते ते घरातलेच.

खिशातल्या नोटेवरचा चेहरा

१८६० साली लिंकन निवडून आले ते जेमतेम चाळीस टक्के मतांवर. विरोधातली मतं तिघांत विभागली गेली होती. स्वतःच्या रिपब्लिकन पक्षातही ते पहिल्या पसंतीचे नव्हते. न्यूयॉर्कचे विल्यम सिवर्ड, ओहायोचे सॅमन चेस, मिसूरीचे एडवर्ड बेट्स ही मोठी नावं शिकागोच्या अधिवेशनात मागे पडली आणि इलिनॉयचा हा वकील पुढे आला. लिंकननी तिघांनाही मंत्रिमंडळात घेतलं. सिवर्डना परराष्ट्र खातं, चेसना अर्थखातं, बेट्सना महान्यायवादीपद.

या निर्णयाचं आज फार कौतुक होतं. त्याची किंमत काय पडली, हे मात्र कमी सांगितलं जातं. चेस हुशार होते, गुलामगिरीविरुद्ध लिंकनच्याही आधीपासून लढत होते, आणि युद्धाचा अफाट खर्च भागवायचं अवघड काम त्यांनी पेललं. पण अध्यक्षपदाची हाव त्यांना सुटली नाही. १८६२ मध्ये सरकारनं कागदी नोटा काढल्या. एक डॉलरच्या नोटेवर चित्र कोणाचं? खुद्द अर्थमंत्र्यांचं. लिंकनचा चेहरा दहाच्या नोटेवर होता. दहाची नोट किती जणांच्या हाती पडणार? एकची नोट मात्र प्रत्येक मतदाराच्या खिशात.

डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेच्या सैन्याचा दारुण पराभव झाला आणि पक्षाच्या सिनेटरांचा संताप उफाळला. राग लिंकनवर, पण बोट सिवर्डकडे : हाच माणूस अध्यक्षांचे कान भरतो, मंत्रिमंडळात नीट चर्चाच होत नाही. ही खबर सिनेटरांच्या कानांपर्यंत पोहोचवणारे होते चेस. सिवर्डनी राजीनामा पाठवून दिला.

लिंकननी सिनेटरांना रात्री बोलावलं. ते आले तर समोर सिवर्ड सोडून सगळं मंत्रिमंडळ बसलेलं. अध्यक्षांनी सर्वांदेखत विचारलं, महत्त्वाच्या बाबींवर इथे विचारविनिमय होतो की नाही? चेस कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर सहकाऱ्यांसमोर खोटं पडायचं, हो म्हणावं तर सिनेटरांसमोर. ते चाचरत ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी ओशाळून स्वतःचा राजीनामा घेऊन आले, पण कागद हातातून सुटेना. लिंकननी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. आता दोन्ही बाजूंचा एकेक राजीनामा त्यांच्याकडे होता. काठीच्या दोन्ही टोकांना सारखं ओझं आलं की कावड सरळ चालते. त्यांनी दोन्ही राजीनामे नामंजूर केले.

तरी चेस थांबले नाहीत. फेब्रुवारी १८६४ मध्ये कॅन्ससचे सिनेटर पॉमरॉय यांच्या सहीचं एक ‘गोपनीय’ पत्रक फिरू लागलं : लिंकन पुन्हा निवडून येणं अशक्य, चेस हेच योग्य. ते वर्तमानपत्रांत छापून आलं आणि हात दाखवून अवलक्षण झालं. चेसच्या स्वतःच्या ओहायो राज्यातल्या आमदारांनीच लिंकनना पाठिंबा जाहीर केला. मार्चमध्ये चेसनी माघार घेतली. जूनअखेर न्यूयॉर्कमधल्या एका नेमणुकीवरून रुसून त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. या वेळी मात्र लिंकननी तो मंजूर केला. उमेदवारी तोपर्यंत पदरात पडली होती. राजीनामा कधी नाकारायचा आणि कधी स्वीकारायचा, याचं पंचांग त्यांच्याकडे होतं.

जहाल आणि मवाळ

जहाल-मवाळ ही भांडणं आपल्याला काँग्रेसच्या इतिहासातून ठाऊक आहेत. रिपब्लिकन पक्षातले जहाल म्हणत, लिंकन गुलामगिरीबाबत फार सावकाश चालतो आणि हरलेल्या दक्षिणेला फार सहज माफ करणार आहे.

त्यांतल्या एका गटानं ३१ मे १८६४ ला क्लीव्हलँड इथे जनरल जॉन फ्रेमाँट यांना उभं केलं. फ्रेमाँट हे १८५६ सालचे पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार. १८६१ मध्ये मिसूरीत सेनापती असताना त्यांनी बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याचं परस्पर जाहीर केलं होतं आणि लिंकननी तो हुकूम फिरवला होता. ती सल दोन्हीकडे होती.

दुसरा वार संसदेतून झाला. जिंकलेली राज्यं पुन्हा संघात कशी घ्यायची, याच्या कडक अटी घालणारं विधेयक बेंजामिन वेड आणि हेन्री विंटर डेव्हिस यांनी मंजूर करून घेतलं. अधिवेशन संपेपर्यंत लिंकननी त्यावर सहीच केली नाही आणि ते बारगळलं. ५ ऑगस्टला वेड आणि डेव्हिस यांनी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’मध्ये जाहीरनामा छापला : अध्यक्ष हुकूमशाही करत आहेत, त्यांनी कायदे करू नयेत, कायदे पाळावेत. निवडणूक तीन महिन्यांवर, आणि आपल्याच पक्षाचे दोन पुढारी आपल्याच उमेदवाराला असं झोडपत होते.

हुकूमशाहीचा आरोप निव्वळ हवेतला होता असंही नाही. न्यायालयापुढे उभं न करता माणसाला अटकेत ठेवण्याची मुभा लिंकननी सरकारला दिली होती. ओहायोचे क्लेमंट व्हॅलँडिगम हे युद्धविरोधी डेमोक्रॅट पुढारी. मे १८६३ मध्ये त्यांना एका भाषणाबद्दल लष्करानं पकडलं, लष्करी न्यायासनापुढे शिक्षा झाली आणि लिंकननी त्यांना थेट शत्रूच्या हद्दीत नेऊन सोडायला लावलं. मे १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वर्तमानपत्रांनी अध्यक्षांच्या नावाची बनावट घोषणा फसून छापली, तर त्यांची कचेरीच काही दिवस बंद पाडली गेली. लिंकनचं मोठेपण सांगताना ही पानं गाळली तर तो इतिहास राहत नाही, आरती होते.

झोपी गेलेला सेनापती

१३ नोव्हेंबर १८६१ ची रात्र. लिंकन, सिवर्ड आणि अध्यक्षांचे तरुण चिटणीस जॉन हे असे तिघं सेनापती जॉर्ज मॅक्लेलन यांच्या घरी गेले. सेनापती एका लग्नाला गेले होते. तिघं बैठकीत वाट पाहत बसले. तासाभरानं मॅक्लेलन आले. अध्यक्ष बसलेत, असं दारावरच्या माणसानं सांगितलं. ते बैठकीच्या दारावरून सरळ जिना चढून वर गेले. अर्ध्या तासानं पुन्हा निरोप पाठवला, तर उत्तर आलं की साहेब झोपले. परतताना जॉन हे चिडलेले होते. या घडीला मानपानाचे मुद्दे काढू नयेत, असं लिंकननी त्यांना समजावलं.

मॅक्लेलन त्या वेळी पस्तिशीही न गाठलेले. खिळखिळ्या झालेल्या फौजेला त्यांनी शिस्त लावली आणि सैनिकांचा त्यांच्यावर जीव होता. अडचण एकच : घडवलेली फौज लढाईत झोकायला ते राजी नसत. शत्रूचं बळ त्यांना नेहमी दुपटीनं दिसे. नोव्हेंबर १८६२ मध्ये लिंकननी त्यांना काढलं. दोन वर्षांनी हाच पदच्युत सेनापती विरोधी पक्षाचा उमेदवार झाला. ज्या नेत्यानं काढलं त्याच्याविरुद्ध, आणि ज्या सैनिकांचं प्रेम मिळवलं त्यांच्या मतांच्या भरवशावर.

ऑगस्टमधला अंधार

१८६४ च्या वसंतात लिंकनची भिस्त जनरल युलिसिस ग्रँट यांच्यावर होती. ग्रँट लढले, पण मे-जूनच्या सहा-सात आठवड्यांत त्यांचे सुमारे ५५ हजार सैनिक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. दक्षिणेची राजधानी रिचमंड हाती आली नाही; फौज पीटर्सबर्गच्या खंदकांसमोर अडकून पडली. जुलैत शत्रूची एक तुकडी वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आली आणि किल्ल्याच्या तटावर उभ्या असलेल्या लिंकनच्या आसपास गोळ्या उडाल्या. १८ जुलैला त्यांनी आणखी पाच लाख माणसांची मागणी जाहीर केली. कोटा भरला नाही तर सक्तीची भरती. सक्तीच्या भरतीवरून आदल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये रक्तपाती दंगल झालेली, आणि मतदानाला चार महिने उरलेले.

तेव्हा जनमत चाचण्या नव्हत्या. पाठिंबा मोजायचा तो पत्रांवरून, वर्तमानपत्रांवरून, गावोगावच्या पोस्टमास्तरांच्या कानगोष्टींवरून. सगळीकडून एकच सूर येत होता. न्यूयॉर्कचे मुरलेले पुढारी थर्लो वीड यांनी लिंकनना तोंडावर सांगितलं की तुम्ही निवडून येणं अशक्य आहे. पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे संपादक हेन्री रेमंड यांनी २२ ऑगस्टला लिहिलं की वारं सगळीकडे आपल्या विरुद्ध आहे. लोकांना वाटतंय, युद्ध जिंकलं जात नाही आणि तह होत नाही, कारण अध्यक्ष गुलाममुक्तीचा हट्ट सोडत नाहीत. तेव्हा दक्षिणेकडे दूत पाठवा आणि एकच अट घाला : संघराज्यात परत या. गुलामगिरीचा विषय नंतर पाहू.

मोह साधा नव्हता. लिंकननी त्या दिशेचे दोन मसुदे लिहून पाहिले, ही नोंद महत्त्वाची. दोन्ही मागे ठेवले. रेमंड २५ ऑगस्टला भेटायला आले तेव्हा अध्यक्षांनी आणि मंत्र्यांनी त्यांची समजूत घातली की असा दूत पाठवणं म्हणजे निवडणूक हरण्याहून वाईट, ती लढण्याआधीच शरणागती आहे.

याच आठवड्यातली एक भेट मला सगळ्यांत बोलकी वाटते. १९ ऑगस्टला लिंकननी फ्रेडरिक डग्लस यांना बोलावून घेतलं. स्वतः गुलामीतून पळून आलेले, वक्ते, संपादक, आणि त्या वर्षी लिंकनच्या संथपणाला विटलेले टीकाकार. लिंकननी त्यांना एका पत्राचा मसुदा दाखवला; हे पाठवलंत तर तुम्ही गुलाममुक्ती सोडलीत असा अर्थ होईल, असं डग्लस म्हणाले. ते पत्र गेलं नाही. मग लिंकननी त्यांच्यापुढे वेगळंच काम ठेवलं : आपल्या मुक्तीच्या घोषणेची खबर दक्षिणेतल्या मळ्यांवर पुरेशी पोहोचत नाही, तेव्हा माणसं आत पाठवून जितक्या गुलामांना बाहेर काढता येईल तितकं काढण्याची योजना करा. घाई का? कारण सत्ता गेली आणि तह झाला, तर मागे राहिलेले गुलामीतच राहण्याची भीती होती. हरणार म्हणून बहुतेक नेते दारांना कड्या घालतात. हा माणूस मार्चमधल्या शपथविधीपर्यंत दार किती उघडता येईल ते पाहत होता.

चार दिवसांनी तो चिकटवलेला कागद मंत्र्यांसमोर आला.

मुंबईच्या पेढीवरून

हे सगळं सात समुद्रांपलीकडचं असलं, तरी त्या वर्षी मुंबईइतकी नजर लावून बसलेली शहरं जगात थोडीच असतील. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं कोंडल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि मागणी आपल्याकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा शेअरबाजारात, बँकांत आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत ओतला गेला. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजाराचा शब्द झाला.

मुंबईच्या सटोडियाला लिंकन हवा होता की मॅक्लेलन, याचा हिशेब सरळ होता : तह झाला की भाव पडणार. युरोपातून इथवर थेट तार अजून आली नव्हती, बातमी बोटीनं यायची. अमेरिकेतल्या मताचा कौल इथे पोहोचेपर्यंत काही आठवडे जात आणि तेवढे दिवस अंदाजांवर सौदे होत. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शस्त्रं ठेवली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्यांच्या पूर्ततेची तारीख मुंबईला धुळीला मिळवून गेली. फोर्टातला राजाबाई टॉवर प्रेमचंदांनी आईच्या नावानं दिलेल्या देणगीतून उभा आहे. त्या तेजीची आज डोळ्यांना दिसणारी खूण तीच.

त्याच युद्धाकडे पुण्यातून पाहणारा माणूस वेगळा हिशेब मांडत होता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या अशा लोकांना अर्पण केलं, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी स्वतः झीज सोसली. एकाच लढाईत एका गावाला कापसाचा भाव दिसला, दुसऱ्याला माणसाचा.

वारं फिरलं

डेमोक्रॅटांचं अधिवेशन २९ ऑगस्टला शिकागोत भरलं, आणि तिथे विरोधकांच्या घोड्यानं पेंड खाल्ली. उमेदवार केला युद्ध लढलेल्या मॅक्लेलनला. जाहीरनामा लिहून घेतला तो युद्धविरोधी व्हॅलँडिगमच्या गटाकडून. चार वर्षांचं युद्ध अपयशी ठरलंय, ताबडतोब शस्त्रसंधी करा, असं त्यात होतं. उपाध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज पेंडल्टन तहवादी. मॅक्लेलननी ८ सप्टेंबरच्या पत्रात शस्त्रसंधीच्या कलमापासून अंग काढून घेतलं. आधी संघराज्य, मग तह. पण एका बैलगाडीला एक बैल पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे असा प्रकार मतदारांना दिसलाच.

दरम्यान युद्ध अपयशी ठरल्याची शाई वाळायच्या आत उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजा २ सप्टेंबरला अटलांटात शिरल्या. बातमी तारेनं उत्तरेत पसरली आणि ऑगस्टमधले निराशेचे पंडित एका रात्रीत आशावादी झाले. २२ सप्टेंबरला फ्रेमाँटनी माघार घेतली. दुसऱ्याच दिवशी लिंकननी जहालांच्या डोळ्यांत सलणारे पोस्टखात्याचे मंत्री माँटगोमेरी ब्लेअर यांचा राजीनामा मागितला. हा सौदा होता का, यावर अजून वाद आहे. तारखा शेजारीशेजारी आहेत एवढं खरं. वेड आणि डेव्हिसही प्रचाराला लागले.

लिंकन हात जोडून देवाच्या भरवशावर बसले होते असं समजू नये. सरकारी नोकरांकडून पक्षासाठी पैसा गोळा होत होता, नेमणुकांची वाटणी चालू होती. सैनिकांना छावणीतून मत देण्याची सोय बऱ्याच राज्यांनी केली होती, इंडियानानं नव्हती. तर तिथल्या सैनिकांना मतदानापुरतं घरी पाठवता आलं तर पाहा, असं लिंकननी शर्मनना लिहिलं. गुप्त मतदान तेव्हा नव्हतंच. मतपत्रिका पक्षच छापत आणि मतदार त्या उघडपणे आणून टाकत. बायकांना मत नव्हतं, आणि उत्तरेतल्याही बहुतेक राज्यांत काळ्या माणसाला नव्हतं. तो बंदूक घेऊन लढत होता तरीही.

११ ऑक्टोबरला पेनसिल्वेनिया, ओहायो आणि इंडियानात राज्यांच्या निवडणुका झाल्या. त्यांचा कौल अनुकूल आला. दोन दिवसांनी युद्धखात्याच्या तारघरात बसून लिंकननी तारेच्या कागदावर बेरीज मांडली : आपल्याला निर्वाचकांची ११७ मतं, मॅक्लेलनना ११४. संघात नव्यानं येऊ घातलेल्या नेव्हाडाची तीन धरली तर १२०. जिंकायची खात्री वाटायला लागल्यावरचा हा त्यांचा अंदाज. इतकी अटीतटी त्यांना दिसत होती.

८ नोव्हेंबरची रात्र पावसाची. लिंकन त्याच तारघरात आकडे ऐकत बसले, मधल्या वेळात एका विनोदी लेखकाचे उतारे वाचून दाखवत होते आणि मध्यरात्री तळलेली कालवं आली तेव्हा स्वतः इतरांना वाढत होते. निकाल लागला : २१२ विरुद्ध २१. लोकांची ५५ टक्के मतं. मॅक्लेलनना केंटकी, डेलावेअर आणि न्यू जर्सी एवढीच राज्यं मिळाली. सैनिकांची जी मतं वेगळी मोजली गेली, त्यांत दर चारांमागे तीनहून अधिक लिंकनना होती. ज्या फौजेचा मॅक्लेलनवर जीव होता, तिनं सेनापतीवरचं प्रेम आणि मत वेगळं ठेवलं. १८३२ नंतर दुसऱ्यांदा निवडून आलेला हा पहिलाच अध्यक्ष.

पलीकडच्या तंबूत

आता नदीच्या पलीकडे पाहू. दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस नोव्हेंबर १८६१ मध्ये बिनविरोध निवडले गेले, मुदत सहा वर्षांची, पुन्हा उभं राहायचं नाही. पक्ष नाहीत, पुढची निवडणूक नाही. वरवर पाहता युद्धकाळाला हीच व्यवस्था सोयीची. घोडा बदलायचा प्रश्नच नाही.

घडलं उलट. विरोध नाहीसा झाला नाही, त्याला फक्त ठरलेली जागा उरली नाही. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राऊन यांनी सक्तीच्या भरतीवरून डेव्हिसशी उभा दावा मांडला. खुद्द उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स महिनोन्महिने राजधानी सोडून जॉर्जियात राहिले आणि तिथून अध्यक्षांवर टीका करत राहिले. पक्ष असता तर या भांडणाला नाव असतं, उमेदवार असता, आणि शेवट करणारी एक तारीख असती. तसं काही नसल्यानं प्रत्येक मतभेद दोन माणसांमधलं वैर झाला. लिंकनच्या विरोधकांना ८ नोव्हेंबरपर्यंत थांबता येत होतं; डेव्हिसच्या विरोधकांना थांबायला दिवसच दिलेला नव्हता.

जिंकल्यावर दोन दिवसांनी लिंकननी जमलेल्या लोकांपुढे हेच वेगळ्या बाजूनं मांडलं. निवडणुकीशिवाय स्वतंत्र राज्य असू शकत नाही. बंडामुळे निवडणूक रद्द करावी किंवा पुढे ढकलावी लागली असती, तर बंडानं आपल्याला आधीच जिंकलं असतं.

कागद उघडला

शुक्रवार, ११ नोव्हेंबर. मंत्रिमंडळाची बैठक. लिंकननी तो कागद काढला आणि न फाडता उघडायला जॉन हे यांना सांगितलं. तो अशा तऱ्हेनं चिकटवला होता की हे यांना थोडं कापावंच लागलं.

आतला मजकूर जेमतेम दोन-तीन वाक्यांचा. हे सरकार पुन्हा निवडून येणार नाही, असं आज आणि गेले काही दिवस अगदी संभवनीय दिसतं. तसं झालं तर निवडणूक आणि नव्या अध्यक्षांचा शपथविधी यांच्या दरम्यानच्या काळात त्यांच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणं हे माझं कर्तव्य राहील. कारण ज्या मुद्द्यांवर ते निवडून आलेले असतील, ते पाहता त्यांना ते नंतर वाचवता येणार नाही.

हा कागद नम्रतेचा दाखला म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो. मला त्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात. एक : मी हरेन आणि खुर्ची सोडेन. दुसरी : माझ्या जागी येणारा माणूस देश घालवेल. दुसरी गोष्ट मनापासून वाटणाऱ्या कितीतरी नेत्यांनी पहिली टाळली आहे. देश वाचवण्यासाठीच आपण राहिलं पाहिजे, ही सबब युद्धात जितकी सहज पटते तितकी एरवी पटत नाही. लिंकनना ती सबब लिहिण्याइतकी पटलेली होती. तरी तिचा वापर करून तारीख हलवावी, हे त्या कागदात कुठेही नाही. उरलेल्या चार महिन्यांत जास्तीत जास्त काय करता येईल, एवढाच विचार आहे. सह्या आधी घेतल्या, कारण मजकूर फुटला असता तर अध्यक्षानं हार मानल्याची बातमी झाली असती. आणि मागाहून कोणाला शब्द फिरवता आला नसता.

लिंकननी सांगितलं की हरलो असतो तर मॅक्लेलनना भेटून म्हणालो असतो, लोकांचा विश्वास तुमच्यावर आहे, सत्ता अजून माझ्याकडे आहे. तुम्ही सैनिक जमवा, मी युद्ध संपवायला सगळं बळ लावतो. सिवर्ड त्यावर म्हणाले की जनरल ‘हो, हो’ म्हणाले असते, दुसऱ्या दिवशीही ‘हो, हो’ म्हणाले असते, आणि केलं काहीच नसतं. निदान माझं कर्तव्य तरी झालं असतं, असं लिंकन उत्तरले.

आणि चेस? ऑक्टोबरात सरन्यायाधीश टॅनी वारले तेव्हा त्या जागेवर डोळा असलेल्यांत चेस होते. वर्षभर पायात पाय घालणाऱ्या माणसाला लिंकननी ६ डिसेंबरला सरन्यायाधीश नेमलं. मुक्तीच्या घोषणेला न्यायालयात उद्या आव्हान मिळालं, तर तिथे बसलेला माणूस गुलामगिरीविरुद्ध पक्का हवा, हा हिशेब त्यांच्या मनात होताच. ४ मार्च १८६५ ला लिंकननी दुसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा त्यांना शपथ देत समोर उभे होते चेस. एक डॉलरच्या नोटेवरचा तो चेहरा अध्यक्षपदाच्या इतका जवळ त्याआधी कधी आला नव्हता.

*पुढच्या आठवड्यात : डिसेंबर १९१६. लंडनमध्ये ॲस्क्विथ यांना त्यांच्याच मंत्र्यानं, लॉइड जॉर्ज यांनी, बाजूला सारलं. या वेळी घोडा बदलला, आणि ओझंही.*